मधुमेह जागृती शिबिराच्या आडून झालेली फसवणूक

मधुमेहाच्या दुष्परिणामांविषयी 'मोफत जागृती शिबिर' भरवणाऱ्या काही मंडळींनी माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे आमच्या दादांची, फसवणूक केली. त्यात पैसे गेलेच. पण त्याहून मोठे नुकसान असे झाले की कित्येक महिने त्यांचे योग्य उपचार बंद राहिले आणि त्या काळात मूत्रपिंड व डोळे यांना जी इजा झाली, ती पूर्णपणे भरून येणारी नाही. हे सविस्तर लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. त्या शिबिरात सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. नुसत्या थापा असत्या, तर दादांसारखा चौकस माणूस पहिल्याच दिवशी उठून घरी आला असता.

दादांच्या तळपायांची रात्री जळजळ होत असे, म्हणून ते तिथे गेले. व्यासपीठावरच्या गृहस्थांनी पांढरा कोट घातला होता. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात, त्याचा फटका डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांना बसतो, पायाची संवेदना गेली की जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळून पाय कापावा लागू शकतो, असे त्यांनी चित्रांसह समजावून सांगितले. सुरुवातीला यातले काहीही जाणवत नाही, हेही सांगितले. यातील एकही विधान चुकीचे नाही. पुढे त्यांनी विचारले, 'तुमच्या डॉक्टरांनी कधी तुमचे पाय पाहिले आहेत का?' दादांचे पाय खरोखरच कोणी तपासलेले नव्हते. त्या एका प्रश्नाने त्यांचा विश्वास जिंकला, आणि मला अजूनही वाटते की तो प्रश्न रास्तच होता.

त्यानंतर 'तपासणी' झाली. एका वायरला जोडलेली धातूची कांडी दादांच्या मुठीत दिली गेली आणि थोड्याच वेळात संगणकाच्या पडद्यावर रंगीत पट्ट्या उमटल्या: मज्जातंतू लाल, मूत्रपिंडे लाल, डोळे पिवळे. रक्त नाही, लघवी नाही, डोळ्यांत थेंब नाहीत, पायमोजेसुद्धा काढायला सांगितले नाहीत. मुठीत कांडी धरून मूत्रपिंडाची अवस्था सांगणारे कोणतेही मान्यताप्राप्त यंत्र अस्तित्वात नाही. मधुमेह नसलेल्या माझ्या वहिनींच्या हातात तीच कांडी दिली, तेव्हा त्यांचेही मज्जातंतू लालच निघाले. त्यावर 'ही पूर्वसूचना आहे' असे उत्तर मिळाले.

मग मुख्य मुद्दा आला. 'मूत्रपिंडे तुमच्या गोळ्यांनीच खराब होत आहेत,' असे दादांना सांगण्यात आले. या वाक्यामुळे अनेकांचे उपचार सुटतात, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. मूत्रपिंडांची कार्यक्षमता बरीच घटली असेल, तर मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीची मात्रा कमी करावी लागते किंवा ते बंद करावे लागते, हे खरे आहे. परंतु त्या गोळीमुळे मूत्रपिंडे निकामी होतात, असा त्याचा अर्थ होत नाही. मधुमेहात मूत्रपिंडांची हानी होते ती मुख्यतः अनियंत्रित साखर आणि वाढलेला रक्तदाब यांमुळे. दादांना मधुमेहाच्या गोळ्यांबरोबरच रक्तदाबाची गोळीही बंद करायला लावली. ती गोळी लघवीवाटे जाणारी प्रथिने कमी करून मूत्रपिंडांचे रक्षणही करत होती, हे आम्हाला नंतर कळले.

त्याऐवजी एक चूर्ण दिले. साधा पांढरा डबा, त्यावर नाव आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' एवढीच अक्षरे. घटक नाहीत, उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच क्रमांक नाही, मुदत संपण्याची तारीख नाही. पावतीवर औषधाचा उल्लेखच नव्हता. 'आरोग्य सल्ला शुल्क' असे लिहिले होते.

चूर्णाने साखर उतरली, आणि दादांना ते सोडणे अवघड झाले त्याचे कारण हेच. घरच्या ग्लुकोमीटरवर आकडे खरोखर खाली आले. मी हरकत घेतली की ते वही पुढे करत. पुढे एके दिवशी पहाटे वहिनींना जाग आली, तेव्हा दादा घामाने भिजलेले होते आणि असंबद्ध बोलत होते. ग्लुकोमीटरवर आकडा 41 आला. 70 मि.ग्रॅ.च्या खालची साखर कमी समजतात. 41 ही जिवावर बेतणारी अवस्था होती. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज देऊन ते शुद्धीवर आले, पण साखर पुन्हा पुन्हा घसरत राहिली. त्यावरूनच डॉक्टरांना संशय आला. चूर्ण प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा त्यात ग्लिबेनक्लामाइड आढळले. हे मधुमेहाचे ॲलोपॅथीतील जुने औषध आहे. त्याचा परिणाम लांबतो, आणि वयस्कर किंवा मूत्रपिंडांचा विकार असलेल्या रुग्णांना ते शक्यतो देत नाहीत. 'गोळ्या सोडा' म्हणणाऱ्यांनी गोळीच कुटून घातली होती, आणि तीही अशी कालवून की कोणत्या चमच्यात किती येईल याचा नेम नाही. नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या चूर्णांत अशी भेसळ औषध नियंत्रकांना अनेक देशांत वेळोवेळी सापडलेली आहे.

दादांची खरी तपासणी त्यानंतर झाली, आणि ती पाहून मला सर्वांत जास्त राग आला, कारण ती अतिशय साधी होती. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाडसर तंतू तळपायावर ठिकठिकाणी, तो वाकेपर्यंत, हलकेच टेकवला. हा तंतू 10 ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. तो स्पर्श कळला नाही, तर पायाचे संरक्षण करणारी संवेदना गेली असे समजतात. टाचेवर दादा 'हो' म्हणाले. अंगठ्याखाली तंतू वाकला, तरी ते गप्पच होते. नंतर लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ यांचे गुणोत्तर तपासले. ते 30 च्या आत हवे, दादांचे 180 निघाले. नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या करून पडदा पाहिला, तर त्यावर रक्तस्रावाचे ठिपके आणि सूज होती. दादांना तोवर नीट दिसत होते. रक्तात बी-12 जीवनसत्त्वही कमी होते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते आणि त्यानेही पायांची जळजळ होते; म्हणजे ज्या तक्रारीसाठी ते शिबिरात गेले, तिच्यातला काही भाग साध्या उपचाराने कमी होण्यासारखा होता.

दुष्परिणामांची भीती घालणाऱ्यांनी दडवले ते हेच, की ते टाळता किंवा लांबवता येतात. 1993 साली अमेरिका आणि कॅनडातील 1441 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर ठेवल्याने डोळ्यांच्या पडद्याचा विकार नव्याने उद्भवण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला. 1998 साली ब्रिटनमधील अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातही सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांत 25 टक्के घट दिसली. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे आहे की जागृती करणाऱ्याने पाय कापल्याची चित्रे दाखवावीत, पण त्याच बैठकीत वर्षातून एकदा पायांची, लघवीतील अल्ब्युमिनची आणि बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांची तपासणी करून घ्यायची असते, हेही सांगावे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात या तपासण्या निदान झाल्यापासूनच सुरू करायच्या असतात. दादांना हे माहीत असते, तर मुठीतल्या कांडीवर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

औषध नियंत्रण विभागाकडे आम्ही चूर्ण, पावती आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांसह तक्रार दिली आहे. दादांच्या डोळ्यांवर उपचार चालू आहेत. ज्यांच्या घरी घटक किंवा उत्पादकाचा पत्ता नसलेला असा डबा असेल, त्यांनी तो फेकून देऊ नये. तो डॉक्टरांना दाखवावा आणि तक्रारीसाठी जपून ठेवावा. चूर्ण पुढे घेऊ नये, पण ते थांबवत असतानाच, शक्यतो त्याच दिवशी, डॉक्टरांना गाठावे. त्यात साखर उतरवणारे औषध असू शकते, क्वचित स्टेरॉइडही असू शकते, आणि जुन्या गोळ्या कोणत्या मात्रेने पुन्हा सुरू करायच्या, हे रक्त तपासल्याशिवाय ठरवता येत नाही.