जुनी शिडाची बोट विकत घेताय? आधी तळ बघा

गोव्यातली जुनी शिडाची बोट स्वस्तात मिळवून देतो म्हणणारा एक दलाल बेळगाव, खानापूर, निपाणी भागात फिरतोय. त्याने मला आणि माझ्या मेहुण्यांना लुबाडलं, म्हणून हे लिहितोय.

आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते. त्या मांडवीत पर्यटकांना फिरवायचं, चोर्ला घाट उतरलं की आपला धंदा सुरू, असं त्याचं गोड बोलणं. वर "काका, दांडेलीचं सागवान आहे हे!" बोट धक्क्याला तरंगत होती, रंग ताजा, पितळ चकचकीत. क्रेनने वर काढून दाखवा म्हटलं, तर क्रेन बिघडलीय आणि दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. तिथेच निम्मे पैसे घेतले.

बोट मुळात तरंगत होती ती पंपाच्या जिवावर. तळातून झिरपणारं पाणी धक्क्यावरच्या विजेवर चालणारा पंप रात्रंदिवस बाहेर फेकत होता, आणि तो फळ्यांखाली लपवलेला. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. बॅटरी निकामी. सकाळी बोट जागेवरच बुडालेली, फक्त डोलकाठी वर.

बाहेर काढल्यावर सुताराने तळाला पटाशी लावली तर फळीचा भुगा झाला. शिपवर्म. शिंपल्यांच्या कुळातला हा प्राणी खाऱ्या पाण्यातलं लाकूड आतून पोखरतो. बाहेर टाचणीएवढं भोक, आत बोगदेच बोगदे. सागवानही त्यातून कायमचं सुटत नाही. भोकं लांबी भरून बुजवली होती आणि वर रंग फासला होता. हे अजाणतेपणी होत नाही.

शिवाय आधीचं धक्क्याचं भाडं थकलेलं. ते भरल्याशिवाय बोट हलवू देणार नाही, असं यार्डवाल्यांनी सांगितलं. दलालाने आम्हाला दिला होता तो नुसता स्टॅम्प पेपर. नोंदणी तिसऱ्याच माणसाच्या नावावर. म्हणून विसार देण्याआधी नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते सरकारी दप्तरात स्वतः बघा, यार्डाकडून थकबाकी नसल्याचं लेखी घ्या, आणि पंप बंद करून बोट रात्रभर पाण्यात ठेवायला लावा. कबूल नसेल तर तिथूनच माघारी फिरा.

तक्रारीसाठी गोव्यालाच जा असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो. आम्ही तो इथेच दिलाय.

परवा त्या दलालाने चिकोडीच्या एका ओळखीच्या गृहस्थांना त्याच बोटीचे जुने फोटो दाखवून विसार मागितलाय. पांढरी बोट, कडेला निळा पट्टा.