पीएलसीच्या प्रोग्राममध्ये लपवलेली तारीख : डाळ मिलवाल्यांनो, जिनिंगवाल्यांनो, सावध राहा

जळगाव एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे. पीएलसी पॅनलच्या (पीएलसी म्हणजे मशीन ठरलेल्या क्रमाने चालू-बंद करणारा छोटा कॉम्प्युटर, म्हणजेच कंट्रोलर, आणि पॅनल म्हणजे त्याची विजेची पेटी) कामात आम्हाला ज्या पद्धतीने लुबाडलं, ती पद्धत बोदवडच्या जिनिंगमध्ये, धुळ्याच्या तेल मिलमध्ये किंवा इथल्या पाइप-चटईच्या कारखान्यांतही सहज चालू शकते, म्हणून सविस्तर लिहितोय. माणसाचं नाव घेत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे. पण त्याने काय केलं हे प्रत्येक कारखानदाराला आणि त्याहून जास्त प्रत्येक कारखान्याच्या वायरमनला कळायलाच हवं.

डाळ मिलमध्ये सगळी मशीन एका साखळीत चालतात. तूर चाळणीतून साल घासणाऱ्या एमरी रोलरवर, तेल-पाणी लागून बिनमध्ये (साठवणीच्या टाकीत), मग ड्रायर, मग दाणे फोडून डाळ. पुढचं एलिव्हेटर (माल वर चढवणारं मशीन) बंद पडलं की मागची आवक त्याच क्षणी थांबली पाहिजे, नाहीतर एलिव्हेटरचा बूट (खालचा भाग) चोक होतो आणि माल उपसायला अख्खी पाळी जाते. म्हणून चालू करताना शेवटच्या मशीनपासून मागे यायचं आणि बंद करताना आधी आवक तोडायची. पूर्वी हे ऑपरेटर पुशबटणांवर करायचा, आता पीएलसी करतो. त्यामुळे पीएलसीने हात वर केले की सगळ्या मोटारी ठणठणीत असूनही मिल उभी राहते. फसवणाऱ्याने नेमकी हीच नस धरली होती.

कॉन्ट्रॅक्टर बोलायला गोड. ‘शेठ, सगळा माल नवाकोरा, कंपनीचा.’ पॅनल बसलं, ट्रायल छान झाली, पूर्ण पैसे दिले. नवी तूर बाजारात आली, मिल रात्रंदिवस चालायला लागली, आणि एका सकाळी स्टार्ट दाबलं तर काहीच हलेना.

त्या वेळी कंट्रोलरवर जे दिसत होतं ते नीट लक्षात ठेवा. रनचा हिरवा दिवा लागलेला. फॉल्टचा दिवा बंद. इनपुटच्या रांगेत स्टार्ट बटण दाबलं की त्याचा दिवा बरोबर लागायचा, लेव्हल सेन्सरचे दिवेही जागच्या जागी. आउटपुटच्या रांगेत मात्र एकही दिवा नाही. म्हणजे कंट्रोलर जिवंत आहे, त्याला सगळं कळतंय, पण तो हुकूम देत नाहीये.

फोनवर उत्तर तयार होतं : ‘लाइटच्या झटक्याने मेमरी उडाली, कार्ड (कंट्रोलरचा सर्किट बोर्ड) बदलावं लागेल.’ मेमरी खरंच उडाली तर कंट्रोलर सहसा रनमध्ये राहतच नाही, फॉल्ट दाखवतो. पण सीझनमध्ये मालाचे ट्रक दारात उभे असताना वाद कोण घालणार? तो आला, लॅपटॉप जोडला, आमच्याकडे पाठ करून बसला आणि चहा यायच्या आत मिल चालू! बिल मात्र कार्डाचं. जुनं कार्ड मागितलं तर म्हणे ते कंपनीत जमा करावं लागतं. जाताना वडिलांना सांगून गेला, ‘वर्षाचा मेंटेनन्सचा करार केला असता तर ही वेळच आली नसती.’ पुढच्या सीझनला तेच दुखणं, तेच औषध आणि बिल आणखी मोठं.

हा प्रकार उघडा पाडला तो अमळनेरकडच्या एका वायरमनने. त्याने पॅनलमध्ये हातही घातला नाही. टचस्क्रीनवर तारीख-वेळेचं पान उघडलं, कंट्रोलरची तारीख काही महिने मागे नेली आणि स्टार्ट दाबलं. एलिव्हेटर फिरायला लागलं. तारीख पुन्हा आजची केली, मिल बंद. माझे वडील, ज्यांना मिलमध्ये सगळे आप्पा म्हणतात, शेजारीच उभे होते. त्यांच्याकडे वळून तो म्हणाला, ‘आप्पा, येनामा घड्याय लायेल शे.’ (यात घड्याळ लावलेलं आहे.) मग आम्ही सगळ्यांसमोर तेच पुन्हा केलं आणि मोबाइलवर शूटिंग घेतलं.

ही करामत करायला फार अक्कल लागत नाही. बहुतेक कंट्रोलरमध्ये स्वतःचं घड्याळ असतं. प्रोग्राममध्ये एक ओळ घालायची : अमुक तारीख उलटली की आउटपुटची परवानगी काढून घे. वरून पासवर्ड टाकायचा, म्हणजे दुसरा कोणी प्रोग्राम वाचू शकत नाही. दर वेळी ‘दुरुस्ती’ म्हणून हा माणूस तीच तारीख पुढे ढकलत होता. पैसे बाकी असतील तर कुलूप लावलं, असं तरी कोणी म्हणेल. आमचा तर पै न् पै हिशेब मिटलेला होता. याला खंडणी नाही तर काय म्हणायचं?

एकदा संशय आल्यावर पॅनल पूर्ण उघडलं. ‘नव्याकोऱ्या’ कंट्रोलरच्या टर्मिनलच्या स्क्रूंच्या खाचा आधीच झिजलेल्या आणि सीरियल नंबरचा स्टिकर खरवडलेला. वापरलेला कंट्रोलर साफ करून नव्याच्या भावात विकला होता. सेन्सरच्या बारीक वायरी मोटारीच्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये कोंबलेल्या, टोकांना ना फेरूल (वायरच्या टोकाची धातूची टोपी), ना नंबर. २४ व्होल्टच्या रिलेच्या (विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचच्या) कॉइलवर डायोड नाही. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते आणि ट्रान्झिस्टर आउटपुट जाळते. ४००७ नंबरचा डायोड दुकानात काही रुपयांना मिळतो. आमची आउटपुट कार्डं का जळायची, ते त्या दिवशी कळलं.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती इमर्जन्सीच्या लाल बटणाची. ते फक्त पीएलसीच्या एका इनपुटला जोडलेलं होतं. म्हणजे कामगाराचा हात पट्ट्यात अडकला, बटण दाबलं, आणि त्याच वेळी प्रोग्राम अडकला किंवा आउटपुटचा रिले चिकटला, तर मशीन चालूच राहणार. या बटणाने कॉन्टॅक्टरच्या (मोटारीला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलचा पुरवठा थेट वायरनेच तुटला पाहिजे, आणि त्याचा कॉन्टॅक्ट एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) हवा, म्हणजे वायर निसटली तरी मशीन थांबेल. पैशाचं नुकसान भरून निघतं, हाताचं नाही.

उन्हाळ्याचीही त्याने फिकीर केली नव्हती. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. बहुतेक कंट्रोलरची मर्यादा ५५ अंश असते आणि बंद पेटीत ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारं यंत्र) व एसएमपीएसची (डीसी वीज देणाऱ्या पॉवर सप्लायची) उष्णता त्यात भर घालते. पॅनलला ना पंखा, ना फिल्टर. वर डाळीच्या भुशीचा थर. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं.

पासवर्ड त्याने दिला नाहीच. शेवटी दुसऱ्या इंजिनिअरने एकेक वायर शोधून नवी यादी केली आणि प्रोग्राम मुळापासून लिहिला. नवा कंट्रोलर अधिकृत डीलरकडून आम्ही स्वतः घेतला, बिलावर सीरियल नंबर टाकून.

वकिलांनी सांगितलं की धंद्यासाठी घेतलेला माल आणि सेवा सहसा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बसत नाही. मालकाला न सांगता यंत्रणेत असं काही घालून ती बंद पाडणं मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली मांडता येतं, आणि फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. आमची नोटीस त्याच आधारावर गेली आहे. शूटिंग नसतं तर हातात काहीच नव्हतं.

नवं पॅनल घेणाऱ्यांनी ऑर्डरमध्येच लिहून घ्या : पासवर्डशिवायचा मूळ प्रोग्राम कॉमेंटसह, टचस्क्रीनची फाइल आणि वायरिंगचं छापील ड्रॉइंग हातात आल्यावरच शेवटचा हप्ता. तो प्रोग्राम त्याच्यासमोर, तुमच्या माणसाच्या लॅपटॉपवरून कंट्रोलरमध्ये टाकून मिल चालवून बघा. नुसती फाइल घेऊन ठेवू नका, ती भलतीच असू शकते. आणि तारीख दोन वर्षं पुढे करून एक ट्रायल घ्याच. काही जण तारखेऐवजी मशीन चाललेले तास मोजणारं कुलूप लावतात. ते या ट्रायलमध्ये सापडत नाही, त्यासाठी प्रोग्राम जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा लागतो. ज्यांची पॅनल आधीच बसलेली आहेत, त्यांनी ही तपासणी आत्ता, सीझन नसताना करा. कॉन्ट्रॅक्टर टाळाटाळ करायला लागला तर त्याच्याशी होणारं सगळं बोलणं फोनवर न ठेवता लेखी करा.