थिंकपॅड टी४८०: सेकंडहँड घेताना काय बघाल

लेनोवोचा २०१८ चा थिंकपॅड टी४८० हा लॅपटॉप आजही रोजच्या कामाला घेण्यासारखा आहे. प्रोसेसर इंटेलच्या ८व्या पिढीचा असला तर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. दिसायला जवळपास तसाच असलेला टी४७० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे थोडे पैसे वाचतात म्हणून टी४७० घेऊ नका.

बांधणी दणकट, कीबोर्ड उत्तम. रॅमचे दोन स्लॉट आहेत, दोन्ही बदलता येतात. टी४८०एस मध्ये मात्र एक रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. बॅटऱ्या दोन: एक आत, एक बाहेरून निघणारी. मागचं झाकण उघडण्याआधी चार्जर काढा, लॅपटॉप सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) आतली बॅटरी बंद करा, बाहेरची काढा, मगच स्क्रूला हात लावा.

खरी गोम थंडरबोल्टच्या (वेगवान यूएसबी-सी जोडणीच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. जुनी आवृत्ती राहिली तर कालांतराने यूएसबी-सी पोर्ट बिघडतो, कधी चार्जिंगही थांबतं. म्हणून दुकानातच दोन्ही यूएसबी-सी पोर्टवर चार्जर लावून बघा आणि घरी आल्याबरोबर फर्मवेअर अपडेट करा.

विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्स) टाकलं तर त्यावर वायफाय, आवाज, स्लीप विनासायास चालतं. अडतो तो फिंगरप्रिंट सेन्सर. त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. १३६६ × ७६८ चा टीएन (स्वस्त प्रकारचा) स्क्रीन असेल तर सरळ नाही म्हणा. रंग फिके आणि बाजूने बघितलं की अक्षरं पुसट. १९२० × १०८० चा आयपीएस (बाजूनेही स्पष्ट दिसणारा) स्क्रीनच मागा.