खात्यात पैसे आले, तरी मॅगव्हील फुकट गेली

जुन्या वस्तू ऑनलाइन विकताना काय सांभाळायचं ते आता सगळ्यांना पाठ आहे. पैसे घेताना पिन टाकायचा नसतो, स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा नाही, बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय माल हलवायचा नाही. हे सगळं मी पाळलं. पैसे खरोखर जमा झाले. तरीही आज माझ्याकडे ना चाकं आहेत ना पैसे.

माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस गाडी विकायला काढली होती. घेणाऱ्याला कंपनीचीच चाकं हवी होती, म्हणून मी हौसेने बसवलेला मॅगव्हीलचा (अलॉय चाकांचा) १८ इंची सेट टायरसकट वेगळा विकायला ठेवला. पीसीडी (बोल्टच्या भोकांचं माप) ५×११२, टायरचं माप २२५/४०.

मॅगव्हीलचं खरं गिऱ्हाईक डोकं खातं. ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) किती, रिम कुठे बेंड आहे का, वेल्डिंग झालंय का, टायरवरचे शेवटचे चार आकडे काय (३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२वा आठवडा). या माणसाने यातलं काहीच विचारलं नाही. घासाघीसही नावापुरती, ६५ हजारांचे ६२. त्याला हवा होता फक्त एक व्हिडिओ, चाकांशेजारी माझं नाव आणि तारीख लिहिलेला कागद ठेवून. "भावाला दाखवायचाय." शिवाय, "टेम्पो पाठवतो दादा, ड्रायव्हरसमोर किमतीचं काही बोलू नका. पार्टनरचा माणूस आहे."

टेम्पो आला, ६२ हजार आले, माल गेला.

काही आठवड्यांनी एटीएममधून पैसे निघेनात. बँकेत कळलं की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून खात्यावर लीन, म्हणजे पैसे काढायला रोख, लागलंय. झालं होतं असं: माझेच फोटो टाकून त्या भामट्याने दुसरी जाहिरात दिली, माझाच व्हिडिओ पुरावा म्हणून तिकडच्या एकाला पाठवला आणि त्याला पैसे थेट माझ्या खात्यात भरायला लावले. त्याला चाकं मिळाली नाहीत, त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. कागदोपत्री चोर मी ठरलो, कारण पैसे माझ्याकडे आले होते. गाडीला आरसी असते, नावावर करावी लागते. चाकांना कसलेच कागद नसतात, एकदा स्पेअरच्या बाजारात गेली की संपलं.

म्हणून पैसे पाठवणाऱ्याचं नाव वाचा. माल न्यायला आलेल्याच्या ओळखपत्राशी ते जुळत नसेल तर चाकं गाडीत चढवू नका, रक्कम जमा झालेली असली तरी. पैसे परत करायचे झाले तर ज्या खात्यातून आले तिथेच, बँकेमार्फत. "या दुसऱ्या नंबरवर टाका" म्हणाला तर मुळीच नाही. लीन लागलंच तर बँकेकडून तक्रारीचा पोच क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचा ईमेल मागून घ्या, आणि अख्खं खातं न गोठवता वादातली रक्कमच रोखावी असा अर्ज द्या. जाहिरात, चॅट, व्हिडिओ, सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज जोडून स्वतःचीही तक्रार लगेच नोंदवा. फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, ते आधी.

माझा अर्ज अजून तिकडे पडून आहे. गनमेटल रंग, एका रिमच्या कडेला फुटपाथला घासल्याची वीतभर खूण, ६६.६ मिमीच्या बोअरमध्ये (चाकाच्या मधल्या भोकात) ते गाडीला नीट बसावं म्हणून घातलेल्या ५७.१ च्या हब रिंगा, त्यातली एक तडकलेली. असा सेट कुणी स्वस्तात दाखवला तर घेऊ नका, मला कळवा.