मियाटा घेताय? इंजिनाआधी साल बघा

कॅलिफोर्नियात राहायचं, रविवारी लागुना सेका नाहीतर थंडरहिलच्या रेस ट्रॅकवर गाडी पिळायची आणि सोमवारी तीच घेऊन ऑफिसला जायचं, असा बेत केला की बरेच जण माझदा मियाटा या छोट्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारवर येऊन थांबतात. मग सस्पेन्शन आणि टायरवर गप्पा रंगतात. मी म्हणतो, आधी साल बघा. दर दोन वर्षांनी स्मॉग, म्हणजे इथली धुराची सरकारी तपासणी, काढावं लागतं आणि सालाप्रमाणे तपासणीच बदलते. पेट्रोल पंपाच्या कडेला ओमनी उभी, नळी घातली, पीयूसी हातात, ही पुण्यातली सवय इथे विसरायची.

१९९० ते ९५ ची गाडी बे एरिया किंवा लॉस एंजेलिसमध्ये रोलरवर चढते, म्हणजे गाडी जागेवरच उभी आणि चाकं रोलरवर फिरतात. तासाला १५ आणि २५ मैल वेगाला धुरातले हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड मोजतात. टायमिंगही, म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडते तेही, बघतात. कंपनीचं टायमिंग १० अंश. ट्रॅकवाले ताकदीसाठी ते १४ च्या आसपास नेऊन ठेवतात. त्याने ज्वलन जास्त तापतं आणि नायट्रिक ऑक्साइड चढतो. बॉनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समध्ये टेन (TEN) आणि ग्राउंड (GND) या दोन खाचा वायरने जोडून टायमिंग मागे आणणं घरच्या घरी जमतं. शिवाय वीसेक मिनिटं फ्रीवेवर पळवून गाडी गरमच न्यायची, थंड कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काम करत नाही. पेट्रोलच्या वाफा कुठे गळतात का, तेही तपासतात. रेसची टाकी बसवून त्या वाफा धरून ठेवणारा कॅनिस्टर काढून टाकला असेल, तर तिथेच संपलं.

२००० पासूनच्या गाडीला रोलर नाही, धुराची नळी नाही. गाडीच्या तपासणी सॉकेटला प्लग जोडतात, गाडीचा संगणक काय म्हणतो ते ऐकतात. सोपं वाटतं ना? पण रेससाठी सगळी वीज तोडणारा किल स्विच लावलेला असतो, किंवा ट्रॅकवरून आल्यावर बॅटरी काढून ठेवायची सवय असते. वीज तुटली की संगणकाचे मॉनिटर, म्हणजे त्याने स्वतः केलेल्या तपासण्यांच्या नोंदी, पुसले जातात, आणि स्मॉगला वाफांचा एक सोडून बाकी सगळे पूर्ण लागतात. ते भरायला थंड स्टार्ट आणि एकसारख्या वेगाची शांत रपेट हवी. ट्रॅकवर कितीही फेऱ्या मारा, त्यातलं काहीच मिळत नाही.

मधली १९९६ ते ९९ ची (९८ चं मॉडेल नव्हतंच) दोन्हीकडून अडकते: रोलरही, प्लगही. सवलत एवढीच की कुठलाही एक मॉनिटर अपुरा चालतो.

डोळ्यांनी होणारी तपासणी कुणालाच चुकत नाही. हेडर (धुराचे पाइप), इनटेक (हवा आत घेणारा भाग), टर्बो, कॅट, यातलं जे कंपनीचं नसून बाहेरून बसवलेलं असेल, त्या प्रत्येकाला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक हवा. धूर कितीही स्वच्छ असो, बिनक्रमांकाचा टर्बो दिसला की नापास.

१९७५ किंवा त्याआधीची डॅटसन घेतली तर ही तपासणी माफ, पण तेव्हा रोज ऑफिसला जाण्याचा विचार सोडा.

स्वतः पाना चालवत असाल तर माझं मत १९९४-९५ च्या १.८ लिटरला. नुसती चालवायची असेल, इंजिनाला हात लावायचा नसेल, तर २०००. ९९ ची फारच स्वस्त मिळाली तरच.

२००० ची बघायला जाताना छोटा स्कॅनर खिशात ठेवा. सगळे मॉनिटर कोरे दिसले, तर मालकाने नुकताच चेक इंजिनचा दिवा पुसलेला असू शकतो. कायद्याने गाडी विकताना ९० दिवसांच्या आतलं स्मॉग प्रमाणपत्र विकणाऱ्यानेच द्यायचं असतं. ‘तूच काढून घे, दोनशे डॉलर कमी करतो’ असं म्हणाला, तर चहा पिऊन परत या.