निवतीचा होमस्टे आणि बोटवाले काका (मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी)

मे महिन्यात चार दिवस सिंधुदुर्गातल्या निवतीला राहिलो. खोल्या साध्या, पंखा जोरात, जेवण एक नंबर, कुळथाची पिठी न् भात तर लेक रोज मागायची. पण लिहितेय ते बोटीसाठी.

बोटवाले काका आम्हाला वेंगुर्ला रॉक्सला घेऊन गेले, म्हणजे समुद्रात वर आलेले खडक न् छोटी बेटं, दीपगृह आहे तिथे, आणि त्यातल्या एका बेटाच्या गुहेत पाकोळ्या (छोटे पक्षी) घरटी करतात, स्वतःच्या लाळेची, अंधारात भिंतीला चिकटवलेली. सूपसाठी परदेशात त्या घरट्यांना भारी भाव, म्हणून पूर्वी ती चोरून काढायचे, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेवाल्यांनी तिथे राखण लावली तेव्हा आळा बसला. हे सगळं काकांनी जाताजाता सांगितलं आणि बोट लांबच उभी केली. आमच्यातल्या एकाने जादा पैसे देतो उतरवा म्हटलं तरी ठाम नाही. मला फार आवडलं हे.

काकांचा नातू माझ्या लेकीएवढाच, नऊ वर्षांचा. ती पाकोळ्या बघून ओरडली तर त्याने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला, "गो, आरडा नको, पिल्लां आसत आतमध्ये." तिथपासून दोघं चिकटली ती निघेपर्यंत. शेवटच्या दिवशी तिने जमवलेले शंख त्याच्या सांगण्यावरून परत किनाऱ्यावर ठेवले, खेकडे राहतात म्हणे त्यात.

एकच तक्रार, लाइफ जॅकेट सगळी मोठ्यांच्या मापाची, लेकीच्या गळ्यातून वर सरकत होतं. काका, मुलांची दोन तरी घ्याच. लेक दिवाळीत परत चला म्हणतेय, बुकिंग करतेय.