म्युलर-हिंटन अगर, ५०० ग्रॅमचा डबा: माल चांगला, झाकण ढिलं

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजात कडुलिंबाचा अर्क जिवाणूंवर तपासायला ही पावडर घ्यावी; हिच्यापासून जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम बनतं. लिटरला ३८ ग्रॅम, म्हणजे डब्यात तेरा लिटर, ९० मिमीच्या पाचशेवर प्लेट. उकळल्यावर स्वच्छ विरघळते. पुढे निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेत) १२१ अंशांवर १५ मिनिटं. थर ४ मिमीच ठेवा. पातळ ओतला की अर्काभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं वर्तुळ उगाच मोठं येतं आणि कमकुवत अर्कही जोरदार वाटतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कॅन्डिडा या बुरशीसाठी २ टक्के ग्लुकोज आणि किंचित मिथिलीन ब्लू वेगळं घालावं लागतं.

झाकणातून पावसाळ्यात ओल शिरते. ढेकळं झालेली पावडर वापरू नका, वजनच चुकतं. मे महिन्यात मात्र दोष पावडरीचा नसतो: खोली ४० अंशांवर, प्लेट ठेवायच्या साध्या इन्क्युबेटरला (उबेच्या पेटीला) गार करायची सोय नाही, मग जिवाणू वाढवायला लागणारे ३५ अंश मिळणार कुठून!